खालची झिरी

आमच्या घरात सहल ठरली की आई सगळ्यात आधी पुरणयंत्र शोधायची. बाकीचे लोक सहलीला निघताना सतरंजी घेतात, पत्त्यांचा जोड घेतात, पाण्याची सुरई घेतात. आम्ही उज्जैनच्या माधव नगरातली मराठी मंडळी मात्र अख्खं स्वयंपाकघर उचलून रानात नेऊन ठेवायचो. पितळी पातेली, पोळपाट, परात, स्टो, तुपाची बरणी, पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याचा डबा, आणि सोवळ्याचं पाणी भरायला वेगळी कळशी. एका वर्षी बापूकाकांनी पाटा-वरवंटासुद्धा बसच्या टपावर चढवला होता. बापूकाका आमच्या गल्लीतले, जंगल खात्यातून रिटायर झालेले. कुठल्या रानात कुठे पाणी आहे हे त्यांना पाठ. दरवर्षी सहल तेच काढायचे आणि रावट्याही तेच कुठूनतरी मागून आणायचे. पुरुष मंडळी रावट्या ठोकायची, ठोकून झाल्या की त्यांत आडवी व्हायची, आणि बायका चुलीपाशी बसायच्या त्या परतीची बस येईपर्यंत. किती तरी वर्षं मला वाटायचं, सहल म्हणजे आईनं दुसऱ्या गावी जाऊन केलेला स्वयंपाक.

घर आमचं लहानसं. पुढची खोली नानांची. नाना म्हणजे माझे वडील, बँकेत होते. संध्याकाळी घरी आले की पंख्याखाली बसून रेडिओ लावायचे आणि रेडिओपेक्षा मोठ्या आवाजात बातम्यांवर बोलायचे. मधलं स्वयंपाकघर आईचं. आणि मागे, व्हरांड्याला लागून, एक अंधारी खोली. तिचं काम एकच. घरातल्या बाईला कावळा शिवला की ती तिथे बसायची. परवा माझ्या भाचीच्या मुलीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, कावळा म्हणजे? बर्ड फ्लू?" तिला सांगावं लागलं की बाई गं, महिन्याची पाळी आली असं चारचौघांत म्हणायचं नाही म्हणून म्हणायचं कावळा शिवला. मग चौथ्या दिवशी न्हाईपर्यंत कुणाला शिवायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. ताट दुरून सरकवायचं, पाणी वरून ओतायचं. चुकून कुणी शिवलंच तर त्यानंही डोक्यावरून आंघोळ करायची. माळव्यात किती पिढ्या काढल्या, पोह्यांवर शेव आली, सोबत जिलबी आली, बोलण्यात अर्धी हिंदी आली, पण ही खोली काही हलली नाही.

त्या वर्षीची सहल झिऱ्यांची होती. बागलीच्या पुढे माळव्याचं पठार संपतं आणि नर्मदेकडे उतार लागतो. तिथे एका ओढ्याच्या काठानं दगडांतून पाणी फुटतं, भर चैत्रातसुद्धा. इकडे त्याला झिरी म्हणतात. वरची झिरी सगळ्यांत मोठी, खाली तिचं कुंड. मग ओढ्याच्या अंगानं उतरत गेलं की आणखी दोन-तीन लहान. आमच्या झूलॉजीच्या मॅडम वर्गात म्हणाल्या होत्या की उन्हाळ्यात रानातले सगळे जीव अशा पाण्याला धरून राहतात, एक दिवस नुसतं तिथे बसलात तर पुस्तकातले चार धडे समोरून चालत जातील. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. मोकळी, असं आपलं मला वाटत होतं. महिनाभर मी त्या झिऱ्यांचा जप करत होते. आई नुसती हसायची आणि म्हणायची, "बघू हं, तिथे पोचल्यावर." ती का हसते ते बसमध्ये बसल्यावर कळलं.

देवासला बस थांबली आणि तीन माणसं चढली. एक जाड भिंगाच्या चष्म्याचे गृहस्थ, एक ठसठशीत कुंकवाच्या बाई, आणि आकाशी बुशशर्ट घातलेला त्यांचा मुलगा, खांद्याला ट्रान्झिस्टर. बापूकाका एकदम उठून "या या या" करायला लागले. नानांनी रुमालानं सीट झटकून दिली. नाना स्वतःची सीट कधी झटकत नसत, तेव्हाच मी समजले. आईनं कानाशी वाकून सांगितलं, "सुधाकर. वीज मंडळात आहे. नीट वाग." म्हटलं, मला आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, "सांगितलं असतं तर तू आली असतीस का?" नानांचं तर सगळं ठरलेलंच होतं. मंडळींना मुलगी आवडली की वैशाखात बार उडवायचा. कॉलेजचं शेवटचं वर्ष? "अरे भई, वीज मंडळवाल्याला काय बेडकाची आतडी ओळखणारी बायको पाहिजे?" हे वाक्य नानांनी बसमध्ये माझ्यादेखत म्हटलं आणि सगळे हसले. मीही हसले. तेव्हा हसायचं असतं असंच वाटायचं.

आम्ही उतरलो, सामान उतरलं, पुरणयंत्र उतरलं. ड्रायव्हर म्हणाला, "परसों दोपहर में आऊँगा बाईजी," आणि बस वळवून निघून गेली. तिचा आवाज उतारावरून बराच वेळ येत राहिला, लहान होत होत. मग तोही थांबला. चहूकडे सागाचं रान, पानं झडलेली, ऊन थेट जमिनीवर पडलेलं. गाव दूर, रस्ता दूर. इथून परवा दुपारपर्यंत कुणी कुठे जाऊ शकत नव्हतं, आणि सगळ्यांत जास्त मी. घरी निदान मैत्रिणीकडे जाते म्हणून टावर चौकापर्यंत तरी पळता आलं असतं.

देवासच्या काकू, म्हणजे सुधाकरची आई, स्वभावानं वाईट नव्हत्या. पण त्यांचं एक तत्त्व होतं आणि ते त्यांनी त्याच संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं. मुलगी घरी जाऊन बघण्यात अर्थ नाही. तिथे पोहे आईनं केलेले असतात आणि साडी मावशीची असते. मुलगी बघावी ती सहलीत. धूर, वारा, ओली लाकडं, वीस-पंचवीस माणसं, आणि त्यात तिनं पुरणपोळी करून दाखवावी. "दाल-बाफले काय, कुणीही करतं इकडे. पोळी फुटली नाही की मग मी डोळे मिटून हो म्हणते." नाना खुशीत म्हणाले, "हमारी तरफ से पक्का समजा." माझ्या पोळ्या फुटत नसत. हेच तर संकट होतं. मी मुद्दाम फोडल्या असत्या तर आईची अब्रू गेली असती, आणि नीट केल्या असत्या तर माझं शेवटचं वर्ष. इकडे आड, तिकडे विहीर.

सकाळी चुली पेटल्या. वरच्या कुंडावर बायकांची झुंबड उडाली होती. कळशा बुडत होत्या, मुलं पाण्यात दगड टाकत होती, सुधाकरचा ट्रान्झिस्टर चालू होता. मॅडमच्या चार धड्यांतला एकही धडा तिथे फिरकणं शक्य नव्हतं. मी तर कुंड पाहिलंही नव्हतं धड, नुसता आवाज ऐकत होते. डाळ शिजली. काकू मला म्हणाल्या, "चल, आंघोळ करून सोवळं नेस. तू पुरण वाटायला बस, सुधाकर इथे समोर बसेल. बोलत बोलत काम करा, दोघांनाही बरं." आईनं पुरणयंत्र धुऊन माझ्यापुढे ठेवलं. मी त्याच्याकडे बघितलं आणि उभी राहिले. काय बोलणार आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

"आई, मला कावळा शिवला."

सगळ्यांचे हात थांबले. काकू तर दोन पावलं मागे सरकल्या, पदर आवरून. आणि आई माझ्याकडे बघत राहिली. आमच्या घरात कोण कधी बाहेर बसलं हे आईला पंचांगापेक्षा पक्कं माहीत असे, आणि गेल्याच आठवड्यात मी त्या मागच्या खोलीतून न्हाऊन उठले होते. डोक्यावर पाणी तिनंच घातलं होतं. तिनं एक शब्द उच्चारला असता तर त्या रानात माझी फजिती झालीच असती, वर खोटारडी म्हणून नाव उज्जैन ते देवास झालं असतं. आईनं डाळीचं पातेलं स्वतःकडे ओढलं आणि म्हणाली, "तरीच कालपासून कंबर धरून होती. जा, खाली जा. ओढ्याच्या खालच्या अंगाला बस, वरच्या पाण्याला शिवू नकोस. चटई देते." एवढं बोलून तिनं पुरणयंत्राचा दांडा हातात घेतला.

मी खोटं बोलले याचं मला आजही काही वाटत नाही. वाटायचं ते हे, की सुटले म्हणून बसले आणि तिथेच अडकले. ओढ्याच्या खाली एक उंबर होता, त्याच्याखाली चटई. वर जायचं नाही, कुंडाला शिवायचं नाही, कुणी खाली येणार नाही. महिनाभर ज्या झिऱ्यांचा जप केला त्या आता शंभर हातांवर होत्या आणि त्यांच्याकडे मान वर करून बघायचीही चोरी. आणि दिसत काय होतं, तर आई. माझ्या वाटणीचं पुरण, माझ्या वाटणीच्या पोळ्या, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर पडलं होतं. धुरात तिचा चेहरा लालबुंद झाला होता. दांडा फिरवताना ती मध्येच थांबून मनगट चोळायची. मला इतका राग आला, काकूंचा, नानांचा, त्या मेल्या पुरणाचा, की मी चटईवर पालथी पडून रडले.

रडून उठले तेव्हा चटईच्या कडेशी एक खेकडा होता. नखाएवढा, गंजलेल्या खिळ्याच्या रंगाचा. माझ्याकडे बघत एक नांगी वर करून उभा होता, जणू मीच त्याच्या घरात घुसले होते. तो कडेकडेनं एका दगडाखाली शिरला आणि त्याच्यामागे गेले तर उंबराच्या मुळांतून पाणी झिरपत होतं. ही सगळ्यांत खालची झिरी. बापूकाकांनी हिला मोजलीही नव्हती. परातीएवढं तिचं डबकं, तळ स्वच्छ, आणि त्यात काय नव्हतं? पाण्यावर लांब पायांचे किडे चालत होते, त्यांच्या पायांचे गोल ठसे खालच्या वाळूवर सावलीसारखे सरकत होते. लाल चतुर एकाच काडीवर परत परत येऊन बसत होता. बोटाएवढे मासे मुळांच्या सावलीत दबा धरून होते. एक मुंगूस आलं, मला बघून थबकलं, तरी पाणी पिऊन गेलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वरचं कुंड आमच्या लोकांनी व्यापलं होतं, म्हणून सगळं रान इथे खाली आलं होतं, माझ्याचसारखं. मी डबक्याकाठच्या एका दगडावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. इतक्या आनंदात मी त्याआधी कधी नव्हते, आणि त्याच वेळी वर पोळपाट वाजत होता, तोही ऐकू येत होता.

जेवायच्या आधी नाना आले. बरेच दूर उभे राहिले, हात मागे बांधून, तोंड झाडाकडे.

"हा काय टाइम झाला का, कुमे?"

"ते काय माझ्या हातात आहे, नाना?"

नानांनी घसा खाकरला. अशा विषयात कुठलाच बाप याहून पुढे जात नसे. "ती बाई म्हणून राहिली आहे की पहिल्याच भेटीत असं झालं, शकुन बरोबर नाही," ते झाडाला म्हणाले, आणि पाय आपटत वर गेले.

जेवणं झाली. माणसं रावट्यांमध्ये लवंडली. ऊन अगदी माथ्यावरून जरासं कललं होतं तेव्हा आई माझं जेवण घेऊन खाली आली. केळीच्या पानावर दोन पुरणपोळ्या, वर तूप. तिनं पान खाली ठेवलं, मागे झाली, वरून तांब्यातलं पाणी ओतलं. मी ओंजळीनं प्याले. नेहमी ती लगेच वळायची. आज वळली नाही.

"मागच्या सोमवारी न्हाऊ घातलं मी तुला," ती म्हणाली.

"हो."

"सुधाकर मुलगा वाईट नाही."

"नाही."

"मग?"

"मला शेवटचं वर्ष करायचंय, आई. मग तुम्ही म्हणाल तिथे जाईन."

आईच्या हातांना पिठाचे वाळलेले पापुद्रे होते, ते ती एकेक करून सोलत होती. "मला पण तुझ्या वयात पुष्कळ सुचायचं," ती म्हणाली. "हे नाही सुचलं." आणि मला एकदम वाटलं की तिला मिठी मारावी, पण मी बाहेरची, ती सोवळ्यात. खोटा असला तरी नियम तो नियम.

तेवढ्यात तो आला. आधी मला वाटलं, वरून कुणाचा तरी पांढरा पंचा उडत आला. मग दिसलं, डोकं काळंभोर, तुरा, अंग पांढरंशुभ्र, आणि मागे हातभर लांब शेपटीच्या दोन फिती. दूधराज. आमच्याकडे हेच म्हणतात त्याला. तो उंबराच्या खालच्या फांदीवर बसला, एकदा डबक्याकडे बघितलं आणि सरळ पाण्यात सूर मारला. वर आला, अंग झाडलं, पुन्हा सूर. दर वेळी त्या फिती मागून पाण्यावर रेघ ओढत यायच्या.

"आई, हलू नकोस," मी पुटपुटले. "बघ."

"कुठे गं?"

ती उभी होती तिथून मुळांच्या आड काही दिसत नव्हतं. दिसायचं ते फक्त माझ्या दगडावरून, आणि त्या दगडावर एकीपुरतीच जागा होती. दुसरीला बसायचं तर अंगाला अंग लावूनच. आईनं वर बघितलं. वरून काकूंची हाक आली, "अहो वहिनी, चहाचं आधण ठेवायचं ना? मंडळी उठतील आता." मग तिनं सोवळ्याचा काष्टा सावरला, दोन पावलं खाली उतरली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला खेटून बसली.

"काकू," ती वर बघून मोठ्यानं म्हणाली, आवाज अगदी दिलगीर, "घोटाळा झाला हो. मी हिला शिवले चुकून. आता न्हाल्याशिवाय मला कशाला हात लावता येणार नाही. चहा तुम्हीच टाका." आणि हे बोलताना तिचा हात माझ्या खांद्यावर घट्ट होता.

वर थोडी कुजबुज झाली, मग स्टोला पंप मारल्याचा आवाज आला. दूधराज आमच्या बोलण्यानं उडाला होता, पण गेला नव्हता. आम्ही गप्प बसलो तसा परत आला. आईनं त्याला पाहिलं. मग तिनं हळूच पाय पाण्यात सोडले. तिच्या टाचांना भेगा होत्या, चुलीपाशी वर्षानुवर्षं बसून पडलेल्या. मासे आधी पळाले, मग एकेक करत आले आणि त्या भेगांना तोंड लावायला लागले. आई दचकली आणि हसली. तोंडावर पदर न घेता हसली. "गुदगुल्या करतायत मेले," म्हणाली. संध्याकाळपर्यंत आम्ही तिथेच होतो. ती मला प्रत्येक जिवाचं नाव विचारत होती आणि मला अर्धी नावं येत नव्हती. आईचे दोन्ही हात रिकामे मांडीवर पडलेले मी जन्मात तेव्हाच पाहिले. दिवस कलला तशी ती ओढ्यात डोक्यावरून न्हाली, ओल्या लुगड्यानं वर गेली, आणि भाताचं पातेलं चुलीवर चढवलं.

देवासच्या मंडळींनी पुढच्या आठवड्यात निरोप धाडला. शकुनाचंच कारण दिलं. नाना महिनाभर घुमे होते. पण वैशाख गेला, कॉलेज उघडलं आणि माझी फी भरली गेली. त्यावर घरात कुणी चर्चा केली नाही. मी पुढे त्याच विषयात शिकले, मुलींना शिकवलं, कितीदा वर्ग घेऊन अशा पाण्यांवर गेले. त्या झिऱ्यांवर आता सिमेंटची टाकी आहे असं ऐकते. मी बघायला गेले नाही.

पण सांगायचं आहे ते त्या शेवटच्या वर्षाचं. परीक्षा तोंडावर आली, आणि आमच्या घरी पाहुण्यांचा राबता सुरू झाला. नानांच्या बँकेतली माणसं, रामघाटावर पिंडदानाला आलेले नातेवाईक, रोज पंगत. एका सकाळी मी पुस्तक मिटून पोळ्या लाटायला उठले तर आई स्वयंपाकघरातून मोठ्यानं म्हणाली, "कुमीला कावळा शिवलाय हो. मागे बसलीय. तिला कुणी हाक मारू नका." मी बघतच राहिले. मागच्या खोलीत चटई अंथरलेली होती, माझी पुस्तकं ओळीनं लावलेली होती, आणि खिडकीची फळी, जी कधीच उघडत नसत, ती उघडलेली होती. त्या महिन्यात मला कावळा तीनदा शिवला. नाना एकदा म्हणाले, "अरे, हे काय आहे?" आई म्हणाली, "उष्णता." नानांनी रेडिओ लावला.

शेवटच्या पेपराच्या आदल्या दुपारी आई ताट घेऊन आली. उंबऱ्याबाहेर उभी राहून तिनं ताट आत सरकवलं, वरून पाणी ओतलं. तिचा चेहरा लाल होता, मनगट ती चोळत होती. माझ्या वाटणीचं सगळं काम वर्षभर तीच ओढत होती, त्या दिवशी रानात ओढलं तसंच. मी चटईवर सरकून जागा केली आणि हात पुढे केला.

"ये ना, आई. शीव मला. थोडा वेळ बस."

तिनं माझ्या हाताकडे बघितलं. मग मागे वळून स्वयंपाकघराकडे.

"आज नको गं," ती म्हणाली. "आज पुरण घातलंय."